चव कोणाची, नाव कोणाचे?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या मेळाव्यात वाइनवर भाषण ठेवले आहे, हे पत्रकात वाचून काही जणांनी आम्हाला निरोप पाठवला. मंडळी, इथे पऱ्हाटीचा खर्च निघत नाही आणि तुम्ही आम्हाला द्राक्षाची दारू काय सांगता? मायबहिणींचा निरोप तर आणखी सरळ होता. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, गावोगावच्या बायांनी मतदान करून उभी बाटली आडवी केली आहे, तिथे हा विषय शोभतो का, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, की आम्ही कुणाला प्या म्हणायला आलेलो नाही. दारूचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. वाइन ही दारूच आहे. तिला फळांचा रस म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

आमचे बोलणे वेगळ्याच गोष्टीवर आहे. जगात शेतीतून निघणारा असा माल फार थोडा, की ज्याच्यावर पिकवणाऱ्या गावाचे, कधी कधी तर एकेका वावराचे नाव छापलेले असते आणि त्या नावाला भाव मिळतो. धुऱ्याच्या अलीकडच्या मालाला एक भाव आणि पलीकडच्या मालाला त्याच्या दसपट. हा फरक म्हणे जिभेने कळतो. आम्हा चार-पाच मित्रांना गेली बरीच वर्षे याचा नाद लागलेला आहे. नाशिकच्या द्राक्षवाल्या सोयऱ्यांकडे आम्ही वाइन चाखली, फ्रान्सच्या दक्षिणेत शेतकऱ्यांच्या सहकारी भट्ट्यांत चाखली, बोर्डोच्या वाड्यांत चाखली. जिनिंगच्या दारात ग्रेडरने आपल्या बोटांत रुई ओढायची आणि आपण त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहायचे, यात ज्यांची हयात गेली त्यांना या जिभेच्या धंद्यात गंमत वाटेल, म्हणून सांगतो.

चाखतात कसे?

पहिली गोष्ट म्हणजे चाखणारा पीत नाही, थुंकतो. टेबलावर पिकदाणी ठेवलेली असते. सकाळची वेळ, जेवणाच्या आधीची, कारण तेव्हा जीभ ताजी असते. अत्तर लावून यायचे नाही. आमच्यातल्या एकाला तोंडातला खर्रा थुंकून, चूळ भरून परत यायला सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पेल्यात दोन बोटे वाइन ओततात. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहतात. तांबडी वाइन नवी असली की कडेला जांभळट दिसते, जुनी झाली की विटकरी. मग पेला गोल फिरवायचा, म्हणजे वास सुटतो, आणि नाक आत घालायचे. त्यानंतर एक घोट तोंडात घेऊन, आपण बशीतला चहा भुरकतो तशी हवा आत ओढायची. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर आंबटपणा चांगला. हिरड्या कोरड्या पडल्या, कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखे झाले, तर ती साल आणि बियांची तुरटी. तांबड्या वाइनचा रंगही सालीतूनच येतो, रस बहुतेक द्राक्षांचा पांढराच असतो. थुंकल्यावर चव तोंडात किती वेळ रेंगाळते ते मनात मोजायचे. झाले.

अवघड पुढेच आहे. चाखले ते सांगायचे कसे? नाशिकच्या एका चाखण्याच्या खोलीत एक तरुण पोरगा आम्हाला माहिती देत होता. या वाइनला ब्लॅककरंटचा वास आहे, हिला रास्पबेरीचा, हिला गूजबेरीचा, असे तो धडाधड म्हणत होता. आम्ही विचारले, बाबा, तू ही फळे खाल्ली आहेस का? तो हसला. त्याने खाल्ली नव्हती, आम्हीही नाही. यादी पाठ केलेली होती. मग आमच्यातले सर्वांत वयस्क गृहस्थ पेला नाकाशी नेऊन म्हणाले, ही पाट्यावर हिरवी मिरची ठेचल्यासारखी वाटते. पोरगा चमकला. ती सोव्हिन्यों ब्लांक नावाची पांढरी वाइन होती, आणि तिच्यात खरोखरच ढोबळ्या मिरचीला वास देणारे द्रव्य असते. पुढे शिराझ आली, तिला आम्ही मिऱ्याचा वास म्हटले. तेही खरे निघाले. मिऱ्यातलेच द्रव्य शिराझच्या सालीत सापडते. म्हणजे नाक आमचेही शाबूत होते, फक्त शब्द दुसऱ्याच्या फळबागेतले होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅन नोबल नावाच्या प्राध्यापक बाईंनी १९८४ साली वासांचे एक चक्र छापले. त्याआधी वाइनला घरंदाज, थोर, नाजूक अशी विशेषणे लावायची रीत होती. यातून कुणाला काही कळत नसे, फक्त बोलणारा मोठा वाटे. बाईंनी सांगितले, की ज्याचा वास खरोखर घेता येतो असेच शब्द वापरा. फळ कोणते ते सांगा, मसाला कोणता ते सांगा, माती, लाकूड, धूर यांतले काय ते सांगा.

हे आपल्याला नवे नाही. हुरड्याला बसलेला माणूस डोळे मिटून सांगतो ही गूळभेंडी, ही सुरती, ही कुचकुची, ही वाणी. आपल्या आया पीठ मळायला घेताच म्हणतात, विरी गेली याची, जुने आहे. भाकरीचा पापुद्रा मोडून ज्वारी शाळू आहे की संकरित हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून घरोघरी आहेत. फरक एवढाच, की त्यांचे मत घराच्या उंबऱ्याबाहेर कुणी विचारले नाही आणि बाजारात त्याला कधी दाम मिळाला नाही.

जीभ किती खरे बोलते?

या विद्येचा दरारा फार आहे, म्हणून तिची दुसरी बाजूही ऐका. बोर्डोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली छापून आला. एकच पांढरी वाइन दोन पेल्यांत दिली, मात्र एका पेल्यात वास-चव नसलेला तांबडा रंग मिसळला. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या वाइनचे वर्णन करताना तांबड्या वाइनचेच शब्द वापरले. डोळ्याने पाहिले ते नाकाने मान्य केले. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे निवृत्त प्राध्यापक स्वतः छोटी वाइनभट्टी चालवत. आपल्याच वाइनला एका स्पर्धेत पदक आणि दुसरीत काहीच नाही, असे का होते, या कोड्याने ते हैराण झाले. त्यांनी राज्याच्या मोठ्या प्रदर्शनातल्या परीक्षकांना, त्यांना न सांगता, एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा चाखायला दिली. दर दहा परीक्षकांत जेमतेम एकजण आपल्या गुणांशी धरून राहिला. हा हिशेब २००८ साली प्रसिद्ध झाला.

आम्हीही घरगुती प्रयोग केला. बोर्डोतल्या एका नामांकित वाड्याची बाटली आणि त्याच भागातली साधी बाटली, दोन्ही फडक्यात गुंडाळल्या. पाचांपैकी तिघांनी साधीला वरचा क्रमांक दिला. फडके काढल्यावर त्यातल्या एकाने पुन्हा चाखली आणि म्हणाला, नाही, आता नीट लागली, ती महागडीच चांगली आहे. किंमत कळल्यावर त्याची जीभ बदलली. त्याला हसू नका. ग्रेडरने प्रत कमी लावल्यावर आपल्याच कापसाकडे आपण जरा हलक्या नजरेने पाहत आलो, हे आठवून पाहा.

आता याच बोर्डोच्या प्रतवारीची गोष्ट. १८५५ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या त्या प्रदर्शनात बोर्डोच्या उत्तम वाइन मांडायच्या होत्या. यादी करायचे काम बोर्डोच्या दलालांकडे आले. त्यांनी ती एप्रिल महिन्यात दोन आठवड्यांच्या आत तयार करून दिली. तुम्हाला वाटेल, शेकडो बाटल्या चाखल्या असतील. दलालांनी वह्या उघडल्या. कोणत्या वाड्याच्या मालाला वर्षानुवर्षे काय भाव मिळत आला, ते पाहून पाच वर्ग पाडले. भाव जास्त तो पहिला वर्ग, त्याखालचा दुसरा. पहिल्या वर्गात चार नावे गेली. त्या यादीला आज पावणेदोनशे वर्षे होत आली. पहिल्या वर्गात पुढे एकाच घराण्याची बढती झाली, तीही १९७३ साली. भाव होता म्हणून प्रत मिळाली आणि प्रत मिळाली म्हणून भाव टिकला. आपल्याला मात्र सगळीकडे सांगतात, की आधी प्रत सुधारा, मग भाव आपोआप येईल.

त्या यादीच्या रुबाबाला धक्का बसला तो २४ मे १९७६ रोजी. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज वाइनविक्रेता होता. त्याने नऊ फ्रेंच जाणकारांपुढे फ्रान्सच्या नामांकित आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्यात कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना पहिली आली, तांबड्यात कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप. चाखताना एक जाणकार कॅलिफोर्नियाची वाइन तोंडात घेऊन, आता कसे फ्रान्समध्ये परत आलो, असे समाधानाने सांगत होते. निकाल कळल्यावर एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. तिथे हजर राहिलेला पत्रकार एकच होता, अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाचा. तो नसता तर ही बातमी त्या खोलीतच जिरली असती.

कोरडवाहूची प्रतिष्ठा

बुर्गुंडी भागात रोमाने-कोंती नावाचे एक वावर आहे. फक्त साडेचार एकर. त्याच्या एका बाटलीला कैक लाख रुपये मोजणारे लोक जगात आहेत. पायवाटेपलीकडच्या वावरात द्राक्षाचा वाण तोच, पाऊस तोच, पण नाव वेगळे आणि भावही वेगळा. हा चवीचा फरक किती आणि नावाचा किती, यावर आम्ही पैज लावणार नाही. ती बाटली आम्ही चाखलेली नाही आणि चाखण्याचा संभवही नाही.

तिथल्या जमिनीबद्दल मात्र ऐकण्यासारखे आहे. वाइनच्या वेलीला काळी कसदार जमीन मानवत नाही. पालाच फार फोफावतो आणि द्राक्षे पाणचट होतात. चांगली वाइन येते ती बरड, चुनखडीच्या, दगडगोट्यांच्या उतारावर. फ्रान्समध्ये नाव असलेल्या वाइनच्या वेलींना उन्हाळ्यात पाणी देण्यावर कायद्याने बंदी होती. दुष्काळ वाढल्यामुळे अलीकडे त्यात सवलती मिळू लागल्या आहेत. एकरी उत्पादनालाही वरची मर्यादा आहे. त्याहून जास्त पिकवले तर नाव लावता येत नाही. म्हणजे कोरडवाहूपण हे तिथे पाटीवर मिरवायचे लक्षण झाले. आपल्याकडे तेच सातबाऱ्यावर जिरायत म्हणून लिहिले, की बँकेचा साहेब कर्जाची रक्कम कमी करतो.

हे सारे सुखासुखी झाले असे समजू नका.

१९०७ ची गोष्ट

१८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फिलोक्सेरा नावाची बारीक कीड फ्रान्समध्ये शिरली. मुळांवर बसून रस शोषणारी. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिने देशातल्या द्राक्षबागा भुईसपाट केल्या. आपण शेंदरी बोंडअळी पाहिली आहे, तेव्हा त्या लोकांच्या पोटात काय गोळा आला असेल ते सांगायला नको. सरकारने उपाय शोधणाऱ्याला तीन लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. उपाय सापडला. कीड अमेरिकेची, तर तिला सोसणारी मुळेही अमेरिकेचीच. अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधायचा. बक्षीस मात्र सरकारने कुणालाच दिले नाही. नाशिक-सांगलीची द्राक्षे आज ज्या डॉगरिज खुंटावर उभी आहेत तोही अमेरिकेचाच.

कर्ज काढून बागा पुन्हा लावल्या आणि दक्षिणेतल्या लांगदोक भागात वाइनचा पूर आला. त्यात साखरवाले आले. साखर स्वस्त झाली होती. साखर आणि पाणी घालून व्यापारी एका पिंपाची दोन पिंपे करू लागले. शिवाय अल्जीरियातून वाइन आयात होत होती. खऱ्या द्राक्षाच्या वाइनचा भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेला. सरकार म्हणे, शेतकरी जास्त पिकवतो हाच दोष. हे वाक्य कुठे तरी ऐकल्यासारखे वाटते ना?

आर्जेलिये नावाच्या खेड्यात मार्सेलँ आल्बेर नावाचा छोटा द्राक्षवाला होता, तो गावात कॉफीचे दुकानही चालवी. ११ मार्च १९०७ रोजी तो ८७ गावकरी घेऊन नार्बोन शहराकडे चालत निघाला. संसदेची चौकशी समिती तिथे आली होती. ८७ माणसे. मग त्यांनी दर रविवारी एका शहरात सभा घ्यायचे ठरवले. मे महिन्यात नार्बोन, बेझिए, पेर्पिन्यां, कार्कासोन. दर रविवारी गर्दी वाढत गेली. ९ जूनला मोंपेलिए इथे पाच लाखांहून अधिक माणसे जमली. त्या काळात, बैलगाड्या आणि आगगाडीने. शेकडो गावांच्या महापौरांनी राजीनामे दिले. लोकांनी कर भरायचे नाकारले.

पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठवले. १९ आणि २० जूनला नार्बोनमध्ये गोळीबार झाला, सहा माणसे मेली. त्यात एक विलक्षण गोष्ट घडली. सतराव्या पायदळ पलटणीतले शिपाई त्याच मुलखातल्या द्राक्षवाल्यांची पोरे होती. बातमी ऐकून त्यातल्या सुमारे पाचशे जणांनी शस्त्रांसह छावणी सोडली आणि रातोरात चालत बेझिए गाठले, लोकांच्या बाजूने उभे राहिले. त्यांना पुढे ट्युनिशियाच्या वाळवंटाकडे रवाना करण्यात आले.

आल्बेर गुपचूप पॅरिसला जाऊन क्लेमांसोंना भेटला. पंतप्रधानांनी गोड बोलून त्याला परतीच्या तिकिटासाठी शंभर फ्रँकची नोट दिली, आणि तो दाराबाहेर पडल्यावर ही गोष्ट वर्तमानपत्रवाल्यांना सांगून टाकली. भोळा माणूस. लोकांनी त्याला विकला गेला म्हटले. एका नोटेत एका पुढाऱ्याचा निकाल लागला, सहा मुडद्यांनी जे झाले नव्हते ते शंभर फ्रँकने झाले.

आंदोलन मात्र वाया गेले नाही. २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. प्रत्येक द्राक्षवाल्याने आपले पीक किती निघाले ते जाहीर करायचे, आणि साखरेवर जादा कर. यातली पीक जाहीर करायची अट फार महत्त्वाची. गावाने एक हजार पिंपे पिकवली हे कागदावर आले, की त्या गावाच्या नावाने दोन हजार पिंपे विकणाऱ्याला पकडता येते. नाव राखायचे तर जिभेच्या आधी हिशेब लागतो. त्याच सप्टेंबरमध्ये द्राक्षवाल्यांनी आपला महासंघ काढला आणि भेसळ पकडायला स्वतःची माणसे नेमली.

सहकारी भट्टी त्याच्याही आधीची. माराउसान या खेड्यातल्या छोट्या शेतकऱ्यांनी १९०१ साली एकत्र येऊन वाइन विकायला सुरुवात केली, १९०५ साली स्वतःचे तळघर बांधले. त्या मुलखातल्या अशा एका सहकारी भट्टीत आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारा प्लास्टिकचा कॅन घेऊन आला होता. भिंतीला पेट्रोल पंपासारखी नळी, त्याने कॅन भरून घेतला, पैसे दिले, गेला. चाखणे नाही, वर्णन नाही. आम्ही तीच वाइन चाखली. रांगडी, मिऱ्याची, उन्हात तापलेल्या दगडासारखी. खरे सांगायचे तर आमच्या जिभेला बोर्डोच्या वाड्यांपेक्षा हीच मानवली.

नावाचा कायदा १९३५ साली आला. शातोनफ-द्यु-पाप या गावच्या शेतकऱ्यांनी त्याच्या बारा वर्षे आधीच स्वतःचे नियम लिहून काढले होते. त्यांच्या गावाचे नाव कोणत्या जमिनीला लावायचे? जिथे लव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपे दोन्ही उगवतात त्या जमिनीला. असा साधा, धुऱ्यावर उभे राहून तपासता येणारा नियम. कायद्याने तीच रीत देशभर नेली. शिव कोणती, वाण कोणता, उत्पादन किती, हे ठरवून नाव त्या मुलखाच्या मालकीचे झाले. कोणताही व्यापारी ते नाव उचलून दुसरीकडच्या मालाला लावू शकत नाही.

आपलेही नाव होते

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्या गावाला नाव होते, आपल्याला कुठे आहे? होते. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात भाव पुकारला जाई तो गावांच्या नावाने. उमरावतीवरून उमरा. हिंगणघाटचा कापूस हिंगणघाट याच नावाने ओळखला जाई, आणि तो हिंदुस्थानातल्या उत्तम कापसांत मोडत असे. बनी जातीचा, बारीक, लांब धाग्याचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिथला कापूस बंद पडला आणि आपल्या कापसावर उड्या पडल्या. मिसळही तितकीच सुरू झाली. मुंबई सरकारला १८६३ साली भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

बनीला रुई कमी उतरायची. जाड जातींना जास्त उतरायची. व्यापारी जाडीभरडी रुई मिसळून हिंगणघाटच्या नावाने गाठी बांधी आणि खऱ्या बनीवाल्याला त्याच्या बारीकपणाचा जादा पैसा देत नसे. मग कास्तकाराने काय करावे? त्याने जाड जात पेरली. शहाणपणाचेच केले. हळूहळू बनी गेली आणि हिंगणघाट हे नाव बाजारातून पुसले. नाव गावाचे होते, पण ते व्यापाऱ्याच्या वहीत राहत होते. शातोनफच्या द्राक्षवाल्यांनी जे लिहून घेतले ते आपल्या पणजोबांना लिहून घ्यायची सोय नव्हती. राज्यच परक्याचे होते.

नाशिककडे आज पाहा. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाले, शेतकऱ्यांनी कारखान्यांशी करार करून खाण्याची द्राक्षे काढून वाइनची लावली. मंदी आली. २००९-१० च्या सुमाराला कित्येक जणांची द्राक्षे कुणी उचलली नाहीत, कुणाचे पैसे थकले, आणि लोकांनी त्याच बागांवर कुऱ्हाड चालवली. वाइनची द्राक्षे बाजारात नेऊन विकता येत नाहीत, ती बारीक, बियांची, जाड सालीची असतात. एकाच गिऱ्हाइकाचा माल. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा शेतकऱ्याच्या भल्यासाठी असे सांगितले गेले. विरोध झाला, निर्णय रेंगाळला. आम्ही तेव्हा द्राक्षवाल्या सोयऱ्यांना विचारले, बाटलीवर तुझ्या गावाचे नाव आहे का? कारखान्याचे आहे, म्हणाले. गावाचे नाही.

फ्रान्स म्हणजे स्वर्ग, असा समज घेऊन घरी जाऊ नका. वाइन पिणाऱ्यांची संख्या तिथेच घटत चालली आहे. २०२३ साली सरकारने जादा वाइन नष्ट करून तिचे औद्योगिक अल्कोहोल करायला वीस कोटी युरो ठेवले. बोर्डोमध्ये शेतकऱ्यांना पैसे देऊन हजारो हेक्टर वेली उपटायला लावल्या. वाड्यांच्या वेली कुणी उपटल्या नाहीत. उपटल्या गेल्या त्या मोठ्या पिंपातून, ढोबळ बोर्डो एवढ्याच नावाने व्यापाऱ्याला माल देणाऱ्या लहान कास्तकाराच्या. १८५५ च्या यादीत त्यांचे आजे-पणजे नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र अशाच एका द्राक्षवाल्याने, उत्पादनखर्चाच्या खाली भाव देऊन लुटले म्हणून व्यापाऱ्यांवर दावा लावला होता तो बोर्डोच्या व्यापारी न्यायालयात जिंकला. साडेतीन लाख युरोंची भरपाई द्यायचा हुकूम झाला. भाव पडका असणे हाच गुन्हा धरणारा कायदा तिथे आहे. आपल्या वकील मित्रांनी त्याचा मजकूर मिळवून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

आपल्याकडे नुसती सुरुवात झाली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे ते नाव कायद्याने त्या मुलखाचे झाले. पण शहरातल्या दुकानात मालदांडी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिशवीत मालदांडीच आहे, याची खात्री कोण देतो? पिकाची जाहीर नोंद कुठे आहे? पिशवी चाखून पाहणारा कोण आहे?

म्हणून आज एक काम ठेवले आहे. मंडपामागे जेवणाच्या पंगतीला तीन टोपल्या मांडल्या आहेत, त्यांवर १, २, ३ असे आकडे आहेत. एकीत आपल्याच जिल्ह्यातल्या वावरातली शाळूची भाकरी आहे, एकीत संकरित ज्वारीची, आणि एकीत मालदांडी छापलेल्या, शहरातून विकत आणलेल्या पिशवीची. कोणत्या आकड्याला काय, ते फक्त पीठ मळणाऱ्या तिघींना माहीत आहे आणि त्या सांगणार नाहीत. टोपलीशेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. तिन्हींचा एकेक घास वरण-ठेच्याच्या आधी, नुसता खायचा. खर्रा खाल्लेल्यांनी चूळ भरून यायचे. मायबहिणींच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात टाकायच्या. मोजणी चार वाजता, इथेच.